कॉड्रिंग्टन मळ्यांच्या जमाखर्चातील ‘वाढ’ आणि ‘घट’

वसाहतकालीन साखरमळ्यांच्या इतिहासाची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. मळेवाले, प्रवासी आणि गुलामगिरीचे विरोधक यांची वर्णने हा एक प्रकार. जमाखर्चाची कागदपत्रे हा दुसरा. पहिल्या प्रकारात पक्षपात उघड दिसतो, म्हणून अभ्यासक तेथे सावध असतो. आकडे मात्र स्वभावतःच तटस्थ असतात, असा समज रूढ आहे. बार्बाडोस बेटावरील कॉड्रिंग्टन मळ्यांचे दप्तर या समजाची परीक्षा घेण्यास विशेष उपयुक्त आहे. कारण या मळ्यांची मालकी एखाद्या व्यापाऱ्याकडे नसून एका धर्मसंस्थेकडे होती.

ख्रिस्टोफर कॉड्रिंग्टन (१६६८–१७१०) हा लीवर्ड बेटांचा गव्हर्नर होता. बार्बाडोसमधील आपले दोन मळे त्याने मृत्युपत्रान्वये लंडनच्या शुभवर्तमान प्रसारक सोसायटीस दिले. ही अँग्लिकन संस्था १७०१ मध्ये स्थापन झाली होती. मळ्यांच्या उत्पन्नातून वैद्यक, शल्यकर्म आणि ईश्वरशास्त्र यांचे अध्यापन चालावे, असा दात्याचा हेतू होता. मळे अखंड राखावेत आणि त्यांवर निदान ३०० आफ्रिकी गुलाम सदैव ठेवावेत, अशी अटही त्याने घातली होती. हेतू धर्मादायाचा, परंतु त्याची भाषा मालमत्तेची होती. विहिरीतील पाण्याची पातळी राखावी, त्याप्रमाणे येथे माणसांची संख्या राखावयाची होती.

मालक अटलांटिकच्या पलीकडे असल्यामुळे मळ्यांचा कारभार कागदावरच चाले. बेटावर मुखत्यार आणि व्यवस्थापक असत. साखर पिंपांत भरून लंडनला जाई. तेथील अडत्या ती विकून जहाजभाडे, जकात आणि स्वतःची अडत वजा करी व उरलेली रक्कम मालकाच्या खाती जमा करी. मालकास मळा दिसे तो अशा हिशेबांतूनच.

ब्रिटिश कॅरिबियन मळ्यांच्या वार्षिक तक्त्यांत गुलामांची यादी आणि गुराढोरांची यादी बहुधा शेजारी शेजारी आढळतात. दोहोंस रकाने तेच : ‘वाढ’ आणि ‘घट’. जन्म व खरेदी वाढीत, मृत्यू व विक्री घटीत. या शब्दयोजनेचे व्याकरण विचारात घेण्याजोगे आहे. ‘मेला’ या क्रियापदास कर्ता लागतो. कोण मेला, कशाने मेला, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतातच. ‘घट’ हे नाम आहे. त्यास कर्ता लागत नाही, म्हणून कारणही विचारले जात नाही. ऊस लावण्यासाठी उन्हात खड्डे खणणे, हंगामात रस उकळण्याच्या कढयांपाशी रात्रपाळी करणे, यांचा मृत्यूशी असलेला संबंध कोणत्याही रकान्यात बसत नव्हता.

सोसायटीने १७१२ ते १७६१ या काळात सुमारे ४५० गुलाम विकत घेतले. तरीही अखेरीस मळ्यांवरील गुलामांची संख्या आरंभीपेक्षा कमीच राहिली. आरंभीच्या काळात या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ असा शब्द डागला जात असे. कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस सेकर यांनी १७६० मधील एका पत्रात या घटीविषयी खेद व्यक्त केला. वारंवार नवा पुरवठा करावा लागतो, हे माणुसकीतील आणि व्यवहारनीतीतीलही काही उणिवेचे लक्षण असावे, असे त्यांनी म्हटले. आणि तूर्त आहे ती परिस्थिती स्वीकारली पाहिजे, असाही निष्कर्ष काढला. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शोक करतानाही त्यांनी वापरलेले शब्द ‘घट’ आणि ‘पुरवठा’ हेच होते. ते वहीतील होते आणि वहीच्या चौकटीपलीकडचा उपाय त्यांतून सुचणे कठीण होते.

हीच भाषा पुढे मुक्तीच्या कायद्यात उतरली. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ पासून रद्द झाली आणि मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. त्यासाठी गुलामांची वर्गवारी करण्यात आली : मुकादम, कारागीर, शेतमजूर, कनिष्ठ शेतमजूर, सहा वर्षांखालील मुले, आणि शेवटी वृद्ध, रोगी वा अन्यथा निरुपयोगी. सोसायटीस ४११ गुलामांबद्दल ८,८२३ पौंड ८ शिलिंग ९ पेन्स मिळाले. म्हणजे माणशी सरासरी सुमारे २१ पौंड ९ शिलिंग. गुलामांना स्वतःला काहीही मिळाले नाही. उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली शेतमजुरांना १८३८ पर्यंत आठवड्याचा बराचसा काळ विनावेतन राबावे लागले.

तथापि याच दप्तरांत त्यांच्याविरुद्ध जाणारा पुरावाही आहे. मालमत्ता मोजावयाची तर ती ओळखता आली पाहिजे. म्हणून कारकुनास प्रत्येकाचे नाव लिहावे लागले. कॅरिबियन बेटांवरील अशा याद्यांत इंग्रजी नावांबरोबर क्वाशी, कफी, क्वाशिबा अशी नावे येतात. ही पश्चिम आफ्रिकेतील अकान भाषांची वारनामे होत. क्वाशी म्हणजे रविवारी जन्मलेला मुलगा, क्वाशिबा रविवारी जन्मलेली मुलगी, कफी शुक्रवारी जन्मलेला. जन्मवार पाहून अपत्याचे नाव ठेवण्याची रीत समुद्र ओलांडून टिकून राहिली, हे मालकाच्या कारकुनाने नकळत नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या हातचा एकही कागद उरलेला नाही, त्यांच्या भाषेचा हा मोलाचा लेखी पुरावा होय.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिलेला नाही. २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमायाचना केली, तेव्हा कॉड्रिंग्टन मळ्यांचा उल्लेख झाला. सोसायटीच्या उत्तराधिकारी संस्थेने २०२३ मध्ये बार्बाडोससाठी ७० लाख पौंडांचा परिमार्जन-निधी जाहीर केला. अशा निर्णयांस आधार या दप्तरांचाच घ्यावा लागतो. म्हणून त्यांतील बेरजा बरोबर आहेत की नाहीत, एवढेच तपासून अभ्यासकाचे काम संपत नाही. ‘घट’ या नामामागील क्रियापद आणि त्या क्रियापदाचा कर्ता शोधणे, हेही त्या कामाचेच अंग आहे.