उतारूंचा किनारा

रविवारी सकाळी विरारच्या पुढे निघालेल्या डहाणू लोकलमध्ये जरा नजर फिरवली, तर सहलीला निघालेली माणसं लगेच ओळखू येतात. पिशवीत पोळीभाजीचा डबा, मुलांच्या हातात बॅट, आजीच्या मांडीवर चटई. केळवे रोडला एक घोळका उतरतो, पालघरला दुसरा, बोईसरला तिसरा. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि हा किनारा मुंबईकराच्या एका दिवसाच्या टप्प्यात आला. सुरूच्या सावलीत बसायचं, लाटांत भिजायचं, तळलेली मासळी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं, असा साधा बेत असतो. त्यात वावगं काही नाही. समुद्र कुणाकडे ओळखपत्र मागत नाही.

पण आल्यागेल्या माणसाची सोय पाहण्याचं काम हा किनारा किती जुन्या काळापासून करतो आहे, हे कळलं तर त्याच वाळूवरून चालताना पाऊल थोडं वेगळं पडेल. मुक्कामाला न थांबणाऱ्या उतारूंचा हा किनारा आहे. त्यांच्यासाठी कुणी काय केलं आणि त्यांनी इथून काय नेलं, याचा हिशेब मांडला की इथला इतिहास बराचसा सांगून होतो.

सुरुवात चिंचणीपासून करू. बोईसरला उतरलं की एसटी किंवा रिक्षा तारापूरला नेते. तारापूर आणि चिंचणी शेजारी शेजारी, मधे फक्त खाडी. या चिंचणीच्या शेतात १९५५ साली ताम्रपटांचे काही संच सापडले. दिनेशचंद्र सरकार या नामांकित अभ्यासकानं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या काळी इथं राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि गादीवर तिसरा इंद्र होता. त्याच्या वतीनं संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ताम्रपटात मधुमती असं येतं. तो ‘ताजिक’ होता, म्हणजे अरब. मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात.

या मधुमतीनं काय केलं? ताम्रपट सांगतो, त्यानं दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली. कुणीही यावं, नावेत बसावं, पलीकडे उतरावं, पैसा द्यायचा नाही. शिवाय त्यानं अन्नछत्र घातलं. तिथं तांदळाचा भात, कालवण आणि तूप मिळायचं. आणि ज्या कारणासाठी हा ताम्रपट कोरला गेला, ते तर आणखी लक्षात ठेवण्यासारखं आहे. भगवतीच्या मठिकेसाठी जमीन मागण्यात आली, ती या अरब अधिकाऱ्यानं राजाच्या संमतीनं दिली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १०३४ साली, राज्यकर्ते बदललेले असताना त्याच मठिकेला दिव्याच्या तेलासाठी घाणा दिल्याची नोंद याच ताम्रपटांत मिळते. दिवा लावणारे हात बदलले, तरी तो तेवत राहिला.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. ‘तुम्ही लोक इथं कधी आलात?’ असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसतं. मी त्याला चिंचणीला जाऊन यायला सांगतो. कोण कधी आलं यापेक्षा आल्यावर त्यानं काय केलं, हे त्या तांब्याच्या पत्र्यांनी जास्त जपून ठेवलं आहे. मधुमतीच्या आगेमागेच, इसवी सन ९१६ च्या सुमारास, अल्-मसूदी हा अरब प्रवासी दक्षिणेकडे चौलला येऊन गेला. राष्ट्रकूट राजाला तो ‘बल्हारा’ म्हणतो आणि त्याच्या राज्यात मुसलमानांना मिळणाऱ्या मानाची आठवण लिहून ठेवतो. चौलहून संजाणपर्यंतचा किनारा तेव्हा असा येणाऱ्याजाणाऱ्यांनी गजबजलेला होता. पारशी मंडळींच्या परंपरेत त्यांचं पहिलं गाव संजाणच. ते संजाण आज गुजरातेत आहे, आणि सरहद्दीच्या अलीकडे बोर्डीजवळच्या डोंगरात बाहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी तिथं लपवून ठेवला होता, असं ते सांगतात. चालायची सवय असेल तर एका दिवसात तेही पाहून होतं.

मग वेगळ्या तऱ्हेची गलबतं आली. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. या दोन ठाण्यांच्या मधला सगळा पट्टा त्यांच्या ताब्यात आला. मधुमतीनं तर फुकट केली होती, यांनी समुद्रावरच परवाना बसवला. त्यांचा ‘कार्ताझ’, म्हणजे परवान्याचा कागद, जवळ नसेल तर जहाज पकडलं जाई. किनाऱ्यावर त्यांनी कोट आणि बुरूज बांधले. आज सहलीला आलेला माणूस केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर असे एका रांगेत जे किल्ले पाहतो, ती या पहाऱ्याची साखळी. आतल्या बाजूला, अहमदाबाद महामार्गाजवळ, दीड हजार फुटांहून उंच अशेरीगड उभा आहे. खोडकोना गावातून वर चढावं. जंगल दाट आहे, शेवटचा टप्पा दमवतो, आणि वर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड भेटतो. समुद्रावरून आलेल्यांची नजर किती आत पोचली होती, ते तो दगड सांगतो.

त्याच वाटेवर, पालघरहून मनोरकडे जाताना, वाघोबाची खिंड लागते. वर काळदुर्गाचा चौकोनी कातळ आणि खाली खिंडीत वाघोबाचं देऊळ. वारली माणूस वाघाला देव मानतो. वाट त्याची आहे, आपण त्याच्या परवानगीनं जातो, अशी त्यामागची समजूत. कार्ताझहून ही परवानगी फार वेगळी. हिच्यात भीती आहे, पण भीतीबरोबर शेजारधर्मही आहे.

किनाऱ्यावरचे किल्ले पाहायचे तर घड्याळापेक्षा पंचांग उपयोगी पडतं. केळव्याचा छोटा कोट ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्यानं वेढला जातो. इथल्या कोळ्यामांगेल्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. हा हिशेब शाळेत शिकवत नाहीत, पण तो ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी या किनाऱ्यावर सहलीचे दिवस सुतकाचे होतात. पाणी परतायला लागलं की ओढ वाढते. गावातला कुणी म्हातारा ‘आता पुढं जाऊ नका’ म्हणाला, तर ते शेकडो वर्षांच्या अनुभवाचं बोलणं समजावं.

१७३९ साल उजाडलं ते लढाईचा धुरळा घेऊन. चिमाजी अप्पांच्या फौजांनी वर्षाच्या आरंभीच माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. तारापूरची लढाई चुरशीची झाली. तिथं बाजी भिवराव रेठरेकर हा मोठा सरदार गोळी लागून पडला. तारापूरच्या तटाजवळ गेलात तर हे नाव आठवावं. त्याच तारापूरनं पुढे विकाजी मेहेरजी हा पारशी सावकार दिला. त्याची आणि भाऊ पेस्तनजीची पेढी निजामाच्या हैदराबादेत एवढी वाढली, की सरकार त्यांच्याकडून कर्ज घेई आणि वऱ्हाडचा महसूल त्यांच्याकडे गहाण पडे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात आणणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. खाडीकाठच्या एका लहान गावातला माणूस असा लांब गेला.

१८६४ मध्ये मुंबईहून गुजरातला जोडणारी आगगाडी सुरू झाली आणि किनाऱ्यानं तोंड फिरवलं. तोवर गाव म्हणजे बंदर. आता गाव म्हणजे स्टेशन. रूळ समुद्रापासून काही मैल आतून गेले, म्हणून माहीमच्या ऐवजी पालघर मोठं झालं, तारापूरच्या ऐवजी बोईसर. पूर्वी तालुक्याला माहीमचं नाव होतं, पुढे ते पालघरचं झालं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला, तोही पालघरच्याच नावानं.

याच पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी किनाऱ्यावरची गावं मोर्चानं आली. गोळीबार झाला आणि पाच जण गेले. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड ही त्यांची गावं, आणि एक जण पालघरचाच. आज सहलीच्या पाट्यांवर ही नावं खाण्यापिण्याच्या जागांसाठी वाचली जातात. सातपाटी म्हटलं की पापलेट आठवतं, ते बरोबरच आहे. रुपेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरलं आणि त्यात सातपाटीच्या मच्छीमारांचा मोठा वाटा होता. पण स्टेशनजवळच्या हुतात्मा स्तंभापाशी दोन मिनिटं थांबून मग पुढची रिक्षा पकडली, तर उशीर होत नाही.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यानं आणखी मोठे पाहुणे पाहिले. समुद्राचं पाणी थंडाव्याला मिळतं म्हणून तारापूरजवळ देशातलं पहिलं अणुवीज केंद्र झालं. १९६९ साली त्याच्या दोन अणुभट्ट्यांतून वीज विकली जाऊ लागली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. बोईसरला कारखान्यांची वसाहत वाढली, हजारो घरांच्या चुली पेटल्या. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सगळ्यांत वर आलं, ९३.६९ गुणांनी. हे सांडपाणी शेवटी खाडीत आणि समुद्रातच जातं. आता चिंचणीच्या उत्तरेला वाढवण इथं सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर उभं राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मासेमारी करणाऱ्या गावांचा त्याला विरोध आहे, आणि वाढवणच्या शंखोदराच्या तीर्थाचं काय होणार, ही काळजीही आहे.

वीज लागते, कारखाने लागतात, बंदरंही लागतात. माझ्या घरातही पंखा फिरतो. पण हिशेब मांडायचाच, तर तो नीट मांडावा. हजार-अकराशे वर्षांपूर्वी कारभार पाहणाऱ्यानं किनाऱ्यावर येणाऱ्यासाठी नाव दिली, भात दिला. आज येणारा किनाऱ्याकडून जमीन मागतो, पाणी मागतो, आणि देणाऱ्या गावालाच आपल्या समुद्रावर जायची वाट विचारावी लागते. तर कुणासाठी आणि तिचं भाडं कुणी भरायचं, हा प्रश्न ताम्रपटाइतकाच जुना आहे. त्याचं उत्तर मात्र उलटं झालं आहे.

एका दिवसाच्या उतारूनं यात काय करावं? फार मोठं काही नको. केळव्याची पानं आणि सातपाटीची मासळी गावच्या बाईकडून घ्यावी, घासाघीस जरा कमी करावी. आपला कचरा आपल्या पिशवीत परत न्यावा. किल्ल्याच्या दगडावर नाव कोरू नये, तिथं आधीच पुष्कळ नावं आहेत. आणि अक्करपट्टी कुठे होती, वाढवणला काय चाललं आहे, हे कुणाला तरी विचारावं. सांगणारा भेटतोच. ज्या गावाला कुणी विचारत नाही, ते गाव हलवणं सोपं जातं.

मधुमतीची तर आज नाही, अन्नछत्रही नाही. तरी एखाद्या खाडीकाठच्या घरात पाणी मागितलं, तर आधी ‘बसा’ म्हणतात आणि मग पाणी देतात. त्या पाण्याचे पैसे कुणी मागत नाही. म्हणूनच ते फेडण्याची काळजी आपण घ्यायची.