ढगाळ दिवसांचे फोटो

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. वायव्येला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी येतात. लांबचा पल्ला मारून येणाऱ्या या पाहुण्यांचे अवकाळीत भिजलेले, गारपिटीने झोडपलेले फोटो अलीकडे वरचेवर दिसतात, जुने मात्र क्वचितच. त्यावरून पूर्वी असे होतच नव्हते, असे ठोकून दिले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. हवामानाचा इतिहास वाचण्याआधी कॅमेऱ्याचा इतिहास वजा करावा लागतो. फिल्मच्या काळात रोलमध्ये ३६ फोटो आणि धुण्याचा खर्च वेगळा. १०० आयएसओची फिल्म, भिंगाचे एफ/५.६ चे छिद्र आणि काळेभोर आभाळ असेल तर शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास येई. त्यावर उडती भोरडी म्हणजे नुसता पुसट डाग! मग शहाणा छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत घालून ऊन पडायची वाट बघे. डिजिटल कॅमेऱ्यात १६०० आयएसओ सहज मिळू लागला, तोच उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाला पुरू लागला आणि पावसातला पक्षी चौकटीत आला. जुन्या संग्रहांत लख्ख ऊन दिसते याचे हे मोठे कारण.

यावर कोणी म्हणेल, मग अवकाळी वाढलीच नाही का? तसे मुळीच नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि १४ ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी सोलापूरकर विसरलेले नाहीत. पण वाढ किती, हे पर्जन्यमापकाला विचारावे. फोटोला वेगळे प्रश्न विचारावेत. गार वाऱ्यात बाभळीवर बसलेल्या भोरड्या चोची वाऱ्याकडे करून बसतात, म्हणजे पिसे उलटी होत नाहीत आणि अंगातली ऊब टिकते. हे पर्जन्यमापक सांगणार नाही. रोहिताच्या फोटोत तर पाणी त्याच्या पायावरच मोजता येते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीत तो उतरतो ते पाणी ओसरून उथळ गाळ उघडा पडल्यावर. पाऊस लांबला आणि धरण तुडुंब राहिले, की त्याचे येणेही लांबते. ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठाच उरला, हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी चिंतेचे असते. चिखलात चोच घालून जगणाऱ्या पक्ष्याचा हिशेब निराळा. रोहित कमी दिसले म्हणजे कमी झाले, असे म्हणण्याआधी त्या तारखेची धरणाची पातळी बघितलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: वादळात दमलेल्या पक्ष्याला फोटोसाठी उठवणे म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद खर्च करणे. हा आक्षेप पूर्ण मान्य करावा. होडी थव्यात घालून मिळवलेला फोटो पुरावा म्हणूनही कुचकामी, कारण त्यात पक्ष्याचे वागणे हवामानामुळे आहे की होडीमुळे, हे कळत नाही. तेव्हा लांबून काढा, फोटो धूसर आला तरी पुसू नका, आणि खाली तारीख, जागा व त्या दिवशीची उजनीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी लिहून ठेवा.