विश्लेषण : औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं ‘बेडाक्विलिन’ काय आहे? शोध लागल्यावरही ते रुग्णापर्यंत पोहोचायला इतकी वर्षं का लागली?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी एका नव्या उपचारपद्धतीला मान्यता दिली. चार औषधं, सगळी तोंडाने घ्यायची, आणि उपचार सहा महिन्यांचे. याआधी याच आजारासाठी दीड ते दोन वर्षं उपचार घ्यावे लागत होते. त्यातले कित्येक महिने तर रोज इंजेक्शन टोचून घ्यावं लागे. या चौकडीतलं मुख्य औषध म्हणजे बेडाक्विलिन. त्याचा शोध जगाला कळला तो जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे प्रयोगशाळेतला शोध आणि भारतातली ही मान्यता यांत जवळपास वीस वर्षं गेली.

ही वीस वर्षं कशात गेली हे पाहिलं, तर नवं औषध ‘सापडणं’ हा किती लहान टप्पा असतो ते लक्षात येतं.

आधीचे उपचार इतके जाचक का होते?

टीबीवरची नेहमीची औषधं जुनी आहेत. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं, तर रिफाम्पिसिन १९६०च्या दशकातलं. साधा टीबी या औषधांनी सहा महिन्यांत बरा होतो. पण उपचार अर्धवट सुटले, चुकीची औषधं दिली गेली किंवा आधीच बळावलेल्या जिवाणूंचा संसर्ग झाला, तर ही दोन्ही औषधं निकामी ठरतात. यालाच ‘एमडीआर टीबी’ म्हणतात.

अशा रुग्णांना मग कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं दिली जात. ही औषधं आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मारतात आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. टीबी बरा झाला, पण ऐकू येणं कायमचं गेलं, असे रुग्ण जगभर आहेत. एवढं सोसूनही बरं होण्याची खात्री नव्हतीच. त्यातच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यातले जिवाणू तपासलेल्या एकाही औषधाला जुमानत नव्हते. ‘पूर्णतः औषधरोधी टीबी’ या शब्दावर तेव्हा सरकारने आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. वाद शब्दाचा होता. डॉक्टरांच्या हातात औषध नव्हतं, ही वस्तुस्थिती मात्र बदलत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ४ लाख लोकांना रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी झाला. त्यातले चौथ्या हिश्शाहून अधिक भारतातले होते.

हे औषध सापडलं कसं?

हल्ली नव्या औषधाचा विषय निघाला की कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकावरची रचना हेच ऐकू येतं. बेडाक्विलिनची गोष्ट त्याच्या बरोबर उलटी आहे. बेल्जियममधल्या जान्सेन या कंपनीत (ही जॉन्सन अँड जॉन्सन समूहातली) कून आंद्रीस यांच्या चमूने जुनाच मार्ग धरला. कंपनीच्या साठ्यातली रसायनं एकेक करून थेट जिवंत जिवाणूंवर टाकायची आणि जिवाणू कशाने मरतात ते पाहायचं.

हा जिवाणूसुद्धा टीबीचा नव्हता. टीबीच्या जिवाणूची संख्या दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात, शिवाय त्याच्याबरोबर काम करणं धोक्याचं. म्हणून त्याचा निरुपद्रवी आणि भराभर वाढणारा भाऊबंद, ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’, निवडला गेला. त्याच्यावर एका कुळातली रसायनं चालली. मग ती टीबीच्या जिवाणूवर आणि नंतर उंदरांवर तपासली गेली.

औषध लागू पडतंय हे कळलं, पण ते नेमकं काय करतंय हे सुरुवातीला माहीत नव्हतं. ते शोधायला संशोधकांनी या औषधाला दाद न देणारे जिवाणू मुद्दाम तयार केले आणि मूळ जिवाणूंच्या तुलनेत त्यांच्या जनुकांमध्ये काय बदललं ते पाहिलं. बदल सापडला तो ‘एटीपी सिंथेज’ या यंत्रणेच्या जनुकात.

ही यंत्रणा म्हणजे पेशीची गिरणीच. पेशीच्या आवरणातून प्रोटॉन आत येतात, त्यांच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. बेडाक्विलिन नेमकं या चक्राला जाऊन अडकतं. चक्र थांबलं की इंधन संपतं. टीबीचे काही जिवाणू फुप्फुसात वाढ थांबवून निपचित पडून राहतात आणि बहुतेक औषधं वाढणाऱ्या जिवाणूंवरच चांगली चालतात. पण निपचित जिवाणूलाही जगण्यापुरतं इंधन लागतंच, त्यामुळे तोही यातून सुटत नाही.

अशी गिरणी माणसाच्या पेशीतही असते. मग औषध आपल्यालाच का मारत नाही? कारण दोन्हींच्या घडणीत पुरेसा फरक आहे. प्रयोगशाळेतल्या मोजणीत मानवी यंत्रणा या औषधाला २० हजार पटींहून कमी संवेदनशील आढळली.

मंजुरी मिळूनही डॉक्टर बिचकत का होते?

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१२ मध्ये बेडाक्विलिनला मंजुरी दिली. नव्या पद्धतीने काम करणारं टीबीचं औषध चाळीसहून अधिक वर्षांनी येत होतं. पण ही मंजुरी ‘वेगवर्धित’ होती. थुंकीतले जिवाणू लवकर नाहीसे होतात एवढ्या पुराव्यावर ती दिली गेली होती. रुग्ण जास्त जगतात, हे सिद्ध व्हायचं बाकी होतं.

आणि त्याच चाचणीत एक अस्वस्थ करणारा आकडा होता. बेडाक्विलिन घेतलेल्या ७९ रुग्णांपैकी ९ जण दगावले, तर ते न घेतलेल्या ८१ पैकी २. मृत्यूंमागे एकच असं कारण दिसत नव्हतं. शिवाय या औषधामुळे हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतलहरीत बदल होतो हेही दिसलं होतं. त्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापला गेला, ईसीजी काढत राहणं आवश्यक ठरलं आणि अनेक देशांनी औषध मोजक्याच रुग्णांपुरतं ठेवलं. भारतात २०१६ मध्ये ते आलं तेही निवडक केंद्रांपुरतं. मुंबई त्यात होती. औषध मिळावं म्हणून एका तरुण मुलीच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०१७च्या सुरुवातीला तिला ते मिळालं.

सावधगिरी समजण्यासारखी होती. पण ज्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता त्यांच्यासाठी ती जीवघेणी होती. ही कोंडी फोडली दक्षिण आफ्रिकेने. तिथे औषध मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं आणि हजारो रुग्णांच्या नोंदींत बेडाक्विलिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हे, बरंच कमी आढळलं. २०१८ मध्ये त्या देशाने इंजेक्शनं काढून त्याजागी हे औषध आणलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही बेडाक्विलिनला पहिल्या पसंतीच्या गटात घेतलं आणि कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं.

एका औषधाऐवजी चार का?

टीबीचा जिवाणू एकट्या औषधाला फार लवकर सरावतो. त्यामुळे बेडाक्विलिनला जोडीदार शोधणं हे मूळ शोधाइतकंच मोलाचं काम होतं. ‘टीबी अलायन्स’ या ना-नफा संस्थेने विकसित केलेलं प्रीटोमॅनिड आणि आधीपासून दुसऱ्या संसर्गांसाठी वापरात असलेलं लिनेझोलिड यांच्यासह दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर चाचणी झाली. त्यांचा आजार सर्वांत अवघड प्रकारचा होता. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी ठरले. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांनाही ते चकित करणारे होते.

किंमत मात्र मोठी होती. लिनेझोलिडच्या त्या मात्रेने दहापैकी आठ रुग्णांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला: मुंग्या, बधिरपणा, जळजळ. पुढच्या चाचणीत मात्रा निम्मी केली, तरी परिणाम जवळपास तसाच राहिला. मग मॉक्सिफ्लॉक्सासिन हे चौथं औषध जोडून बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमध्ये चाचणी झाली. चार औषधांच्या गटात ८९ टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी झाले. जुन्या पद्धतीच्या गटात हे प्रमाण ५२ टक्के होतं. भारताने २०२४ मध्ये स्वीकारलेली ‘बीपॅल-एम’ पद्धत ती हीच.

पेटंटचा मुंबईशी काय संबंध?

औषध चांगलं असलं तरी ते बनवण्याचा हक्क एकाच कंपनीकडे होता. भारतातलं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण जॉन्सन अँड जॉन्सनने बेडाक्विलिनच्या एका क्षाररूपासाठी, म्हणजे ज्या रूपात ते गोळीत असतं त्यासाठी, वेगळं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती.

याला हरकत घेतली दोन तरुणींनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींचीही श्रवणशक्ती टीबीच्या उपचारांत गेली होती. २०१९ मध्ये दाखल झालेल्या या हरकतीला ‘मेदसाँ सां फ्रोंतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेची साथ होती. औषधाचं क्षाररूप बनवणं ही या क्षेत्रातली सर्वश्रुत पद्धत आहे, त्यात नवा शोध नाही, असा त्यांचा मुद्दा. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीत सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची किंमत निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर आली. औषधाच्या इतिहासात रसायनशास्त्रज्ञांच्या बरोबरीने या दोघींचं नाव घ्यायला हरकत नाही.

भारतात राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

मग अडचण कुठे आहे?

बेडाक्विलिनची ताकद आणि त्याचा धोका एकाच गुणधर्मातून येतात. हे औषध शरीरातल्या ऊतींमध्ये साठून राहतं आणि अत्यंत सावकाश बाहेर पडतं. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला शेवटच्या टप्प्यात सुमारे साडेपाच महिने लागतात. म्हणूनच पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून फक्त तीन वेळा २०० मिलिग्रॅम एवढं पुरतं. गोळी जेवणासोबत घ्यायची, कारण उपाशीपोटीच्या तुलनेत ती दुपटीने शोषली जाते. आणि रिफाम्पिसिनसोबत ती देत नाहीत. रिफाम्पिसिनमुळे यकृत हे औषध इतक्या वेगाने मोडतं की रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं.

आता समजा, रुग्णाने मध्येच सगळी औषधं सोडली. सोबतची औषधं काही दिवसांत शरीरातून जातात. बेडाक्विलिन मात्र महिनोन्‌महिने अपुऱ्या प्रमाणात, एकटंच मागे उरतं. जिवाणूला सराव करायला याहून चांगली संधी नाही.

असे सरावलेले जिवाणू सापडूही लागले आहेत. बहुतेकांमध्ये बदल गिरणीत झालेला नसतो. औषध पेशीबाहेर उपसून टाकणाऱ्या पंपावरचा लगाम सुटलेला असतो. हाच पंप क्लोफॅझिमिन हे कुष्ठरोगावरचं औषधही बाहेर फेकतो, त्यामुळे दोन औषधं एकदम हातची जातात. बेडाक्विलिन कधीच न घेतलेल्या काही रुग्णांमध्येही हा बदल आढळला आहे. याच कुळातलं ‘टीबीएजे-८७६’ हे अधिक प्रभावी औषध सध्या माणसांवरच्या चाचण्यांत आहे.

तोवर खरी उणीव तपासणीची आहे. जीन एक्सपर्ट यंत्रावर रिफाम्पिसिन चालेल की नाही हे दोन तासांत कळतं. बेडाक्विलिनसाठी तसं करता येत नाही, कारण पंपाच्या जनुकातले बदल एका जागी नसतात, ते जनुकभर विखुरलेले असतात. मग थुंकीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषध तपासावं लागतं. त्याचा अहवाल यायला काही आठवडे जातात आणि तोपर्यंत रुग्णाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात.