तळटीप : मूळ मजकुरातील ‘कॉम्प्रेसर’विषयी

१. हा हवेचा नव्हे, आवाजाचा कॉम्प्रेसर : मोठा आवाज आपोआप दाबणारा. मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्राला त्याचा कडक भाऊ, म्हणजे लिमिटर, लागतोच. मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपलीकडे गेले की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या प्रसारणात घुसतो.

१९६९च्या सुमाराचे नीव्ह कंपनीचे २२५४ हे अशा कॉम्प्रेसरचे स्टुडिओतले नमुनेदार मॉड्यूल. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नसतो. रॅकमधून २४ व्होल्ट डीसी द्यावे लागते. म्हणून मागच्या कनेक्टरची कोणती पिन कशाची, हे नकाशावरून पडताळल्याशिवाय वीज सोडू नये. आत-बाहेर ट्रान्सफॉर्मर असल्याने सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळे कवच अशी जोडणी हवी. स्टिरिओ जोडीतल्या एकाच मॉड्यूलच्या तारा उलटल्या, तर मोनो ऐकताना ढोलकीचा धुम गायब होतो. बाहेरच्या टोकाला ६०० ओहमचा भार नसेल तर आवाज उगाच चरचरीत लागतो.

मूळ लेखक बिघाड दिसताच ट्रान्झिस्टर बदलायला सांगतात. आम्हाला ते पटत नाही. आधी पुरवठा मोजावा, मग शेजारचे चालू मॉड्यूल त्याच जागी लावून पाहावे. गुणगुण येत असेल तर बहुधा कवच दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलेले असते, किंवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि जळगाव-धुळ्याचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पंखा नसलेल्या रॅकमध्ये संशय प्रथम त्यांच्यावरच घ्यावा.