धरणीच्या पोटातले धन

बांधावरच्या एका आंब्यासाठी सख्खे भाऊ कचेरीची पायरी चढलेले आपण पाहतोच. मग एखाद्या नवस्वतंत्र, दरिद्री देशाच्या भूमीत अमोल खनिजे निघाली तर भाऊबंदकी किती पेटावी? काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला. पुढे रक्ताचे पाट वाहिले. म्हणूनच त्याच आफ्रिका खंडातील बोट्स्वानाची हकीकत मला मोलाची वाटते.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश इंग्रजांच्या अंमलातून मुक्त झाला, तेव्हा त्याच्यापाशी होते काय? कलहारीचे वाळवंट, दुष्काळाने खंगलेली गुरे आणि जेमतेम बारा किलोमीटर पक्की सडक! पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. ती भूमी बामांग्वाटो जमातीची. आणि त्या जमातीच्या गादीचे जन्मसिद्ध वारस होते खुद्द राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा. रूथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी त्यांनी १९४८ साली विवाह केला, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना हद्दपार केले होते. १९५६ साली गादीवर पाणी सोडले, तेव्हा कुठे त्यांना मायदेशी परतता आले.

आता ‘हिरे आमच्या जमातीचे’ असे त्यांनी म्हटले असते, तर लोकांना नवल वाटले नसते. परंतु खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे यावा, हे त्यांच्या पक्षाने १९६५ सालच्या जाहीरनाम्यातच मांडले होते. हिरे हाती आल्यावरही तो शब्द फिरला नाही. १९६७ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. पुढे बांग्वाकेत्से जमातीच्या मुलखात ज्वानेंगची त्याहून समृद्ध खाण १९८२ मध्ये सुरू झाली. जमातवार वाटणी असती, तर दोन घरे श्रीमंत होऊन बाकीची उपाशी राहिली असती.

मालकी मिळाली तरी खाण चालवायला भांडवल लागते. ते डी बियर्स कंपनीचे होते. सरकारचा वाटा प्रथम अवघा १५ टक्के. १९७५ साली तो ५० टक्क्यांवर आला. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. १९७६ साली देशाने स्वतःचे नाणे काढले, त्याचे नाव ठेवले ‘पुला’, म्हणजे पाऊस! तहानलेल्या भूमीला हिऱ्याहून पाऊसच थोर.

तेथे रामराज्य आले असे मात्र नव्हे. कलहारीतील मूळच्या सान लोकांना सरकारने त्यांच्या वस्तीतून हलवले. त्यांना न्याय मिळण्यास उच्च न्यायालयाचा २००६ सालचा निकाल यावा लागला. आता प्रयोगशाळेतल्या स्वस्त हिऱ्यांनी बाजारही खाली आणला आहे.

तरीही दिवाळीत घरच्या लक्ष्मीच्या कुड्यांतला हिरा लखलखला, तर क्षणभर विचार करावा. सुरतेत पैलू पडण्यापूर्वी तो कदाचित ओरापाच्या मातीत असेल. त्याच्या वाटणीचा प्रश्न लोभ जागा होण्याआधीच सोडवला गेला, म्हणून तेथे भावाने भावावर शस्त्र उगारले नाही.