रेबीज विषाणू : चेतापेशीतील प्रवेश

पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत आलेला रेबीजचा विषाणू स्नायू आणि चेतापेशींच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूंना चिकटतो व त्यांच्या आधाराने चेतातंतूत शिरतो. या रेणूंना ग्राही म्हणतात. रोग रोखता येतो तो विषाणू चेतातंतूत शिरेपर्यंतच; लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

रचना : हा लिसाव्हायरस वंशातील विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, सुमारे १८० नॅनोमीटर लांब व ७५ नॅनोमीटर रुंद असतो. त्याच्यावर मेदाचे आवरण असून त्यातून ‘जी’ या ग्लायकोप्रोटीनचे काटे बाहेर आलेले असतात. प्रत्येक काटा तीन रेणूंचा बनतो. ग्राहींशी बंध जुळतो तो या काट्यांचाच.

ग्राही : चेतातंतू स्नायूला जिथे मिळतो तिथे स्नायूच्या बाजूला निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राही दाटीने असतात. विषाणू त्यांना चिकटतो, हे १९८२ मध्ये लेंट्झ व सहकाऱ्यांनी दाखवले. मण्यारीच्या कुळातील सापाचे अल्फा-बंगारोटॉक्सिन हे विष याच ग्राहींना धरते. ते आधी दिल्यावर पेशींमधील संसर्ग घटला. ‘जी’ प्रथिनाचा एक तुकडा सर्पविषाशी मिळताजुळता आहे. १९९८ मध्ये एनकॅम व पी७५ हे आणखी दोन ग्राही पुढे आले. एनकॅम नसलेल्या उंदरांत रोग लांबला, पण टळला नाही. यावरून विषाणू एकाच ग्राहीवर विसंबून नसल्याचे दिसते.

प्रवास : ग्राहीला चिकटलेला विषाणू पेशीपटलाच्या पिशवीतून आत ओढला जातो. पिशवीतील आम्लता वाढली की ‘जी’ प्रथिनाची घडण बदलते आणि विषाणूचे आवरण पटलात मिसळते. चेतातंतूत डायनिन ही वाहक प्रथिने त्याला सूक्ष्मनलिकांवरून मज्जारज्जूकडे नेतात. हे अंतर तो दिवसाला काही सेंटिमीटर या वेगाने कापू शकतो. तरी चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात, कारण विषाणू जखमेजवळच्या स्नायूत रेंगाळू शकतो. उपचाराला मिळणारा अवधी तो हाच. चेहरा, मान किंवा बोटांवरचा चावा अधिक घातक, कारण तिथे चेतातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूही जवळ असतो.

प्रतिबंध : विषाणूचे मेदावरण साबणाने विरघळते. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार. तिखट, हळद किंवा चुना भरल्याने जखम चिघळते आणि धुण्याची वेळ हातची जाते. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबरच तयार प्रतिपिंडे भरावी लागतात. ती ‘जी’ काट्यांना धरून विषाणूला निष्प्रभ करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्सबरोबर विकसित केलेले एकप्रतिपिंड २०१७ पासून भारतात वापरात आहे. ‘जी’ प्रथिनाच्या ज्या भागात ३३३ वे अमिनो आम्ल बदलल्यास विषाणूची मारकता घटते, त्याच परिसराला ते चिकटते.

नंदुरबारमधील स्थिती : १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके सातपुड्यात पसरले आहेत. नर्मदाकाठच्या काही पाड्यांपर्यंत आरोग्यसेवा बोटीतून पोहोचते. अशा पाड्यावर कुत्रा चावला, तर दवाखाना दूर असला तरी साबण-पाणी तिथेच मिळते आणि जखम धुण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. पुढचे ओझे मात्र रुग्णावर टाकून चालणार नाही. त्वचेतील लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. म्हणजे डोंगर उतरण्याच्या चार फेऱ्या. मजुरी बुडते म्हणून एखादी फेरी चुकू नये, यासाठी लस व प्रतिपिंडे पाड्याला सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात कायम शिल्लक असणे आणि प्रत्येक मात्रेची आठवण आशा कार्यकर्तीने घरी जाऊन देणे, ही तेथील गरज आहे.