कामाची वाटणी आणि क्रमाचा प्रश्न : सिनॅप्स सर्व्हरचा इतिहास

आपलं आपसातलं बोलणं आपल्याच यंत्रावर ठेवावं, ही कल्पना तशी जुनी. १९८८ मध्ये आयआरसी आलं, १९९९ मध्ये जॅबर आलं आणि २०१४ मध्ये मॅट्रिक्स. मॅट्रिक्सचा पहिला सर्व्हर म्हणजे सिनॅप्स. तो पायथनमध्ये लिहिला गेला, आणि पुढचा सगळा इतिहास तिथूनच सुरू होतो.

पायथनच्या प्रचलित रूपात एका प्रक्रियेला एकच कुलूप असतं. यंत्रात आठ कोअर असोत, पायथनचं काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. मग करायचं काय? प्रक्रियाच वाढवायच्या. त्यांना वर्कर म्हणतात. कुणी ॲपच्या विनंत्या घेतो, कुणी बाहेरच्या सर्व्हरांना संदेश पोचवतो. सामाईक दप्तर पोस्टग्रेसमध्ये असतं. काय बदललं ते वर्कर एकमेकांना रेडिसमार्फत कळवतात. दाराशी एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी बसवून कुठली विनंती कुणाकडे जाणार, हे आपण लिहून द्यायचं.

एक काम मात्र बराच काळ वाटता येईना : नवा संदेश नोंदवणं. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक लागतो, आणि तो एकच प्रक्रिया देत असे. दोघं क्रमांक देऊ लागले तर आधी कोण, नंतर कोण? २०२० मध्ये यावर तोडगा निघाला. नोंदणारे अनेक झाले, पण एका खोलीच्या नोंदी एकाकडेच राहिल्या.

आता खरी अडचण बघा. बाहेर संदेश पाठवणाऱ्या वर्करांची एक यादी असते. कुठला परका सर्व्हर कुणाच्या वाट्याला, हे त्या यादीवरूनच ठरतं. समजा, यादी बदलली. एका वर्करनं नवी वाचली. तो म्हणतो, हा सर्व्हर आता माझा नाही. दुसरा अजून जुनी धरून बसलाय. तोही म्हणतो, माझा नाही. संदेश मधल्यामध्ये गळतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं, पोचला! म्हणून यादी सगळीकडे तंतोतंत सारखी हवी, आणि बदलताना पाठवणारे सगळे वर्कर आधी थांबवून मग एकदमच सुरू करायचे.

श्रमविभागणीचा विचार आपण प्लेटोपासून करत आलो आहोत. प्रत्येकानं आपलं काम करावं, हे ठीकच; पण आपलं काम कुठलं, याबद्दल सगळ्यांचं एकमत आधी हवं. लहान संस्थेला हा खटाटोप लागतच नाही. तिथं एकच प्रक्रिया पुरते, आणि सिनॅप्सची मार्गदर्शिकाही तेच सुचवते. वाटणी करायची ती भार खरोखर वाढल्यावर.